चुंबळीतली द्राक्षं

आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही आणि द्राक्षाशिवाय एक साल गेलं नाही. गाव तासगाव तालुक्यातलं. १९८४ साली बोअरला पाणी लागलं तेव्हा आबांनी पहिला एकर लावला, पुढे त्याचे अडीच एकर झाले. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला पंढरपूर आणि उरलेलं वर्ष बागेत. २००१ मध्ये सरकारने वाइनचं धोरण आणलं, आमच्या शेजारच्या पलूसला वाइन पार्कची बोलणी सुरू झाली, तेव्हा एक गृहस्थ घरी आले होते. वाइनच्या जाती लावा, सगळा माल करार करून उचलतो म्हणाले. आबांनी त्यांना चहा पाजला आणि माळेला बोट लावून सांगितलं, "ही हाय तवर न्हाई जमायचं." पुढे २००८-०९च्या सुमारास वाइनवाल्यांकडून माल उचलला जाईना, लोकांनी वाइनच्या बागा उपटल्या, तेव्हा आबांची माळ गावाला एकदम हिशेबी वाटायला लागली.

अशा घरातला मी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, ग्रीसच्या सांतोरिनी बेटावर आठ जणांच्या गाडीत बसून तीन ठिकाणी बारा वाइन चाखायला निघालो होतो. बुकिंग मुलीचं. ती नेदरलँडला असते. "बाबा, तुम्ही द्राक्षवाले आहात, तुम्हाला आवडेल," असं म्हणाली. तिने माणशी किती युरो भरले ते मी विचारलं नाही, आणि आमच्या हिने विचारलं ते उत्तर ऐकून सगळ्या प्रवासभर मनात ठेवलं. ही पीत नाही. मी पुण्यात नोकरीच्या काळात पार्ट्यांमध्ये थोडीफार घेतली आहे, पण वाइनमधलं मला काही कळतं असा दावा नाही. २०२२च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायची की नाही यावरून आपल्याकडे जे रामायण झालं, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर दोन्ही बाजू माझं मत विचारत होत्या, कारण मी द्राक्षवाला. मी दोघांनाही बेदाणे पाठवले होते.

ऑगस्ट संपत आला होता. गाडीत आम्ही तिघं, कॅनडाचं एक नवराबायकोचं जोडपं, कोरियाच्या दोन मैत्रिणी, आणि एकटाच आलेला एक वही-पेनवाला माणूस. गाइड तिशीची मुलगी, इथलीच. तिच्या आजोबांची दक्षिणेकडे एम्पोरिओ गावात थोडी बाग होती. "होती," असं ती दोनदा म्हणाली, तेव्हाच माझे कान टवकारले.

सांतोरिनी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे निळे घुमट आणि पांढरी घरं येतात. ती आहेतच, आणि त्यांच्यासमोर फोटोसाठी रांगाही आहेत. पण कड्याकडे पाठ करून गाडी पूर्वेच्या उतारावर लागली की दुसरंच बेट सुरू होतं. करडी, भुसभुशीत, ओसाड माती. बेट पूर्वी गोल होतं. इसवी सनापूर्वी १६००च्या आसपास ज्वालामुखीचा असा काही स्फोट झाला की मधला भाग समुद्रात गेला आणि कडेची चंद्रकोर उरली. त्या वेळी उडालेली राख आणि प्युमिसचा हलका दगड बेटावर कित्येक मीटर जाडीचा थर होऊन बसला. तीच ही जमीन. इथले लोक तिला 'आस्पा' म्हणतात. सुएझ कालव्याच्या कामात चुन्यात मिसळायला हीच राख खणून नेली होती. १८६९ साली तो कालवा खुला झाला आणि मुंबई बंदराचं नशीब उघडलं, म्हणजे फोर्टातल्या त्या दगडी इमारतींच्या वैभवात या बेटाची चिमूटभर राख आहे. हे मी गाडीत मोठ्याने बोललो. मुलीने कोपर मारलं.

गाडी थांबली. गाइड म्हणाली, "ही द्राक्षबाग."

मी वर बघितलं. सवयच ती. आमच्याकडे बाग म्हणजे मांडव. माणूस खाली आणि घड डोक्यावर. अलीकडे वाय पद्धत आली तरी बघायचं ते छातीच्या वरच. इथे वर नुसतं आभाळ. तारा नाहीत, अँगल नाहीत, ठिबकच्या नळ्याही दिसेनात. मग खाली बघितलं. राखेवर दूरदूर, ओळीचा फारसा धरबंद न ठेवता, हिरवे पुंजके बसले होते. एखाद्या माळावर शेळ्या बसाव्यात तसे. मी दोन पावलं पुढे जाऊन उकिडवा बसलो. गुडघे कुरकुरले. गाइडने पानं बाजूला केली.

आत चुंबळ होती. डोक्यावर घागर ठेवायला बायका कापडाची वेटोळी करतात ना, अगदी तशी. फक्त मनगटाएवढ्या जाड, काळ्या, पिळलेल्या खोडाची. दरवर्षी हिवाळ्यात छाटणी करताना काड्या तोडून टाकायच्या नाहीत, त्या एकीत एक गुंफून गोल फिरवायच्या. पुढच्या वर्षी त्यावर आणखी एक वेढा. असं करत करत जमिनीवर एक टोपली तयार होते. घड टोपलीच्या आतल्या अंगाला धरतात. इथे उन्हाळ्यात 'मेल्तेमी' नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, तो राखेचे कण घेऊन येतो आणि उघड्यावरचे मणी अक्षरशः खरवडून काढतो. टोपलीत ते सुरक्षित राहतात, वरून पानांची सावली मिळते. या पद्धतीचं नाव 'कुलुरा', म्हणजे कडं. रस्त्यावर तीळ लावलेला कड्यासारखा पाव मिळतो, त्याचं नावही त्यातलंच.

"पाणी?" मी विचारलं.

वर्षाला तीनशे-चारशे मिलिमीटर पाऊस, तोही जवळपास सगळा हिवाळ्यात. पाण्याला बहुतेक ठिकाणी सोय नाही. रात्री समुद्रावरून धुकं येतं, ते हा सच्छिद्र दगड स्पंजासारखा पिऊन ठेवतो आणि दिवसा मुळांना थोडंथोडं देतो. मी एक खडा उचलला. लिंबाएवढा खडा, आणि हातात जाणवेचना. आमच्या बागेत उन्हाळ्यात आबा टँकर विकत आणायचे. एका वर्षी पाण्याचा खर्च द्राक्षाच्या विक्रीच्या पट्टीपेक्षा जास्त झाला होता, आणि तो कागद त्यांनी कोणाला दाखवला नव्हता. आमच्या थोरल्या भावाला, आण्णाला, तो पंचांगात सापडला.

मग गाइडने जे सांगितलं ते वहीवाल्या माणसाने दोन ओळीत लिहून घेतलं आणि पुढे सरकला. मी मात्र तिथेच अडकलो. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या द्राक्षबागा फायलोक्सेरा नावाच्या किड्याने खाल्ल्या. मुळांना लागणारा किडा. उपाय एकच निघाला, अमेरिकन जंगली वेलीचं खोड खाली आणि आपली जात वर, असं कलम. आज जगभर बहुतेक वाइनची द्राक्षं अशीच कलमी आहेत. आमच्याकडेही पाण्याच्या टंचाईला आणि क्षारांना तोंड द्यायला डॉगरिज जातीच्या खुंटावर कलमं भरतात, तो डॉगरिज अमेरिकेचाच. या बेटावर मात्र किड्याचं काही चाललं नाही. त्याला चिकणमाती लागते, आणि राखेत ती जवळजवळ नाहीच. म्हणून इथल्या वेली स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. उभ्या म्हणजे बसल्या आहेत.

टोपली ७०-८० वर्षांची झाली, उतारा कमी झाला, की ती खोडाशी कापून टाकतात. मुळं तशीच. त्याच मुळातून नवा कोंब वर येतो, त्याची पुन्हा टोपली. असं एकाच मुळावर तीन-चार वेळा झालेलं असू शकतं. समोरची मुळं किती जुनी असतील, असं मी विचारलं तर तिने खांदे उडवले आणि म्हणाली, माझ्या आजोबांच्या आजोबांनाही ती म्हातारीच वाटली असतील.

आमची बाग पंचवीस वर्षं टिकली, तीही आबांच्या हट्टाने. एरवी पंधराव्या वर्षी काढतातच. २००९च्या नोव्हेंबरात फयान वादळाचा पाऊस लागला, बाग फुलोऱ्यात होती, आठ दिवसांत डाऊनी रोगाने घडांची कुज झाली. पुढच्या उन्हाळ्यात आण्णाने जेसीबी आणला. आबा बांधावर बसून होते. मी पुण्याहून गेलो होतो. यंत्राने सोंड घातली की वेल मुळासकट वर यायची, आणि मुळांना चिकटलेली काळी माती ढेकळाढेकळाने खाली पडायची. त्या खोडांवर आमचा बंब दोन वर्षं पेटला. आंघोळीचं पाणी काढताना आई म्हणायची, "जळाय चांगलंय, तेल असल्यावानी." आबा तेव्हा नळाच्या गार पाण्याने आंघोळ करायला लागले होते. कारण कोणी विचारलं नाही.

"अहो, गाडी थांबलीये," ही म्हणाली. सगळे बसले होते. मी पँटवरची राख झटकली; ती झटकून जात नाही, कपड्याच्या विणीत जाऊन बसते.

पहिल्या वाइनरीत आम्हाला एका लांब टेबलाशी बसवलं. समोर चार ग्लास आणि मधोमध एक झाकणाचं भांडं. घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, आणि नको असेल तर त्यात थुंकायचा. ही हळूच म्हणाली, "पिकदाणी." आमच्या वाड्यात चुलत आजोबांची पितळी पिकदाणी होती, तिच्याशेजारी बसून जेवायची शिक्षा असायची. त्या आठवणीवर मी चारही घोट गिळले.

इथली मुख्य जात अस्सिर्तिको. पांढरी. सोबतीला आयदानी आणि अथिरी. अस्सिर्तिकोची खुबी अशी की एवढ्या उन्हात पिकूनही तिचा आंबटपणा उतरत नाही. हे वाक्य माझ्या पटकन डोक्यात शिरलं, कारण आमचं आयुष्य उलट्या काळजीत गेलं: साखर भरली का? फेब्रुवारीत आबा पहाटे मणी चिरडून त्या छोट्या दुर्बिणीसारख्या मीटरच्या काचेवर रस लावायचे आणि उजेडाकडे धरून ब्रिक्स वाचायचे. आंबट राहिलेला माल व्यापारी नाकारायचा. इथे आंबटाची किंमत आहे.

गाइडने प्रत्येकाला वास विचारला. कॅनडावाले म्हणाले, ग्रेपफ्रूट. वहीवाला म्हणाला, गारगोटीवर गारगोटी घासल्यासारखा. माझी पाळी आली. मी ग्लासात नाक घातलं, आणि आधी काहीच कळेना. असल्या वेळी माणसाला आपण परीक्षेला बसलोय असं वाटतं. मग एक घोट घेतला आणि जिभेच्या कडेला जे आलं ते ओळखीचं होतं. लोणच्यासाठी लिंबं चिरून मीठ लावून बरणीत ठेवतात, मसाला घालायच्या आधीची तिसऱ्या-चौथ्या दिवसाची फोड. मुलीने ते इंग्रजीत सांगितलं. गाइडने टेबलावर थाप मारली आणि म्हणाली, "हेच मी रोज सांगायचा प्रयत्न करते!" त्यानंतर माझा भाव वधारला. पुढच्या तीन ग्लासांना मी जे काही म्हणालो ते निव्वळ थापा होत्या.

त्यातला एक मात्र लक्षात आहे, 'निक्तेरी'. निख्ता म्हणजे रात्र. पूर्वी तोडलेला माल दिवसाच्या उकाड्यात खराब होऊ नये म्हणून रात्रीतच तुडवून रस काढायचे, त्यावरून हे नाव. आमच्या पॅकिंगच्या रात्री आठवल्या. कंटेनर सकाळी निघायचा असला की शेडमध्ये ट्यूबलाइटखाली बायका पहाटे चारपर्यंत घड साफ करायच्या. कात्रीचा टिकटिक आवाज आणि कुणाच्या तरी मोबाइलवर लावणी. त्या मालाला कोणी 'रात्रीची द्राक्षं' असं नाव दिलं नाही.

दुसरी वाइनरी सरकत्या काचांची, समुद्र दिसणारी, फोटोंसाठी बांधल्यासारखी. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं फक्त जेवण आहे. टोमॅटोची भजी आली. इथले टोमॅटो चेरीएवढे, जाड सालीचे, तेही पावसाच्या भरवशावरचे. हिने एक भजं मोडून आत बघितलं, पुदिना आहे म्हणाली, आणि बेसन नाही याबद्दल थोडी निराश झाली. मग पिवळं वरण आलं, घट्ट, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. त्याला इथे 'फावा' म्हणतात. हिने एक घास घेतला, थांबली, दुसरा घेतला. हिचं माहेर भंडाऱ्याचं.

"ही लाखोळी आहे," ही म्हणाली.

मी म्हटलं, काहीतरीच. पण मुलीने फोनवर शोधलं तर खरंच, फावा ज्या शेंगेपासून करतात ती लॅथिरस कुळातली, आपल्या लाखेच्या डाळीची सख्खी चुलत बहीण. आपल्याकडे लंगडेपणाच्या भीतीने जिच्या विक्रीवर कितीतरी वर्षं बंदी होती, तिच्या बहिणीला इथे युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे आणि एक वाटी बारा युरोला आहे. हिने अख्खी वाटी संपवली. सगळ्या सहलीत तिचे पैसे वसूल झाले ते इथे.

तिसरी जागा मला हवी होती तशी निघाली. मेगालोखोरीच्या बाजूची एक जुनी 'कानावा', म्हणजे राखेच्या थरात कोरून काढलेली वाइनची खोली. आत शिरलं की उन्हाचा दरवाजा बंद झाल्यासारखा गारवा. एका कोपऱ्यात पायाने द्राक्षं तुडवायचा दगडी हौद. भिंतीला आडवी चीर होती. "१९५६," गाइड म्हणाली. ९ जुलै १९५६च्या भूकंपात बेटावरची बरीच घरं पडली, लोक अथेन्सला निघून गेले, बागा ओस पडल्या. नंतर पर्यटक आले. आणि आता २०२५च्या फेब्रुवारीत पुन्हा महिनाभर हादरे बसत होते, हजारो माणसं बोटींनी बेट सोडून गेली होती. तीही गेली होती, आईला घेऊन. छाटणीचे दिवस ते. "थोडी छाटणी राहूनच गेली," ती म्हणाली, आणि मला ती त्या दिवसभरात पहिल्यांदा गाइड वाटली नाही.

कानावाच्या वर धाब्यासारखी सपाट गच्ची होती. तिथे द्राक्षं वाळत घातली होती. पांढऱ्या राखेच्या कडेला, उघड्या उन्हात, घडच्या घड. दहा-बारा दिवस ती अशी पडून राहतात, मधे हाताने उलटायची, मग ती गाळून वर्षानुवर्षं लाकडी पिपात ठेवायची. त्याची गोड वाइन होते, विनसांतो.

बेदाणा म्हणजे आमचा प्रांत. आम्ही उन्हात घालत नाही, रंग काळा पडतो. डिपिंग ऑइल आणि कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून काढायचं, शेडच्या जाळीवर सावलीत पंधरा दिवस, मग गंधकाची धुरी. चार किलोला एक किलो. रंग पिवळाधमक पाहिजे, नाहीतर तासगावच्या सौद्यात ढिगापाशी कोणी थांबत नाही. इथे सगळा माल तांबूस-काळा होता आणि कोणाला त्याची फिकीर नव्हती. विचारून मी एक मणी तोंडात टाकला. आधी गोड, मग तोच लिंबाचा आंबटपणा, आणि शेवटी दाताखाली कचकन बी. पन्नास वर्षं बिनबियांची द्राक्षं खाल्लेल्या माणसाला बी म्हणजे खडा. मी ते बी मुठीत धरून ठेवलं. समोर पिकदाणी नव्हती.

विनसांतोचा रंग काकवीसारखा. वासही थोडा काकवीचा, थोडा जुन्या बेदाण्याच्या पोत्याचा. गाइडने सांगितलं की ही वाइन पूर्वी जहाजांनी रशियाला जायची, तिथल्या चर्चमध्ये प्रसाद म्हणून द्यायला. हे ऐकून आमच्या हिने पहिल्यांदा विचारलं, "देवाची आहे का?" मुलगी म्हणाली, तसंच काहीसं. हिने ग्लास घेतला नाही. उजव्या हाताचा पंजा पुढे केला, डावा तळवा खाली, तीर्थ घेतात तसा खळगा. गाइडला क्षणभर कळेना. मग तिने बाटली तिरकी करून अगदी थेंबभर तिथे ओतलं. हिने ते ओठाला लावलं, आणि उरलेला ओला हात केसांवरून फिरवला. कोरियाच्या मुलींनी लगेच पंजे पुढे केले. त्यांना वाटलं हीच इथली पद्धत.

परतताना गाडीत मी गाइडच्या शेजारी बसलो आणि जे विचारायचं होतं ते विचारलं. उतारा किती? हेक्टरी दोन-अडीच टन, गेली काही वर्षं दुष्काळाने त्याहूनही कमी. आणि भाव? पाच युरोच्या वर, किलोला. मग आजोबांची बाग का गेली? तिने खिडकीबाहेर बोट केलं. राखेच्या शेतात एक निळा चौकोन चमकत होता, पोहायचा तलाव, आणि त्याच्या कडेने तीन पांढऱ्या खोल्या. तलावाच्या काठाशी शोभेला एक कुलुरा ठेवला होता. तिच्या वडिलांची पाठ गेली, भाऊ हॉटेलात लागला. टोपल्या विणायला वाकावं लागतं. यंत्र इथे चालत नाही.

संध्याकाळी हॉटेलातून आण्णाला व्हिडिओ कॉल लावला. गावाकडे साडेनऊ वाजून गेले होते, तो जेवून ओसरीवर बसला होता, मागे पावसाचा आवाज. जेसीबी नंतर त्याने एक एकर पुन्हा लावला, डॉगरिजवर, आणि आता तोही पंधरा वर्षांचा झाला आहे. मी त्याला टोपली, मुळं, धुकं सगळं सांगितलं. तो हं हं करत राहिला.

"एकरी किती निघतंय?"

"टनभरसुद्धा नाही."

"टनभर?" आमचे दहा-बारा टन धरलेले असतात. "मग खात्यात काय ती लोकं?"

"पाचशे रुपये किलो भाव आहे."

पलीकडे पावसाचाच आवाज येत राहिला. मला वाटलं रेंज गेली.

"पाचशे," तो म्हणाला. "आन तरी मोडत्यात?"

"वाकायला माणूस नाही म्हणे."

"ते हितं तरी कुठं हाय." मग म्हणाला, "फोटू धाड. जवळनं काढलाय न्हवं?"

काढला होता, पानं बाजूला करून, खोडाच्या वेढ्यांचा. पाठवला. त्याने चष्मा लावलेला दिसला. बोटांनी फोटो मोठा करत तो बराच वेळ बघत बसला, मला वाटलं मुळांबद्दल काहीतरी म्हणेल, आबांची आठवण काढेल.

"छाटणीच्या सिकेटरला धार न्हाई त्यांच्या," तो म्हणाला. "काप बघ. निम्म्यात चिरफळलाय."